दरीत गाडी कोसळली, प्रेत सापडलं नाही

मालिकांसाठी संवाद लिहायचे तेव्हा मी एकूण चार माणसं मारली आणि त्यातली दोन परत आणली. एक जण हार्ट अटॅकने गेला, कारण त्या नटाला सिनेमा मिळाला होता. एक आजी झोपेतच गेल्या. बाईंनी दर दिवसाचे पैसे वाढवून मागितले होते. उरलेले दोघे टीआरपीसाठी गेले आणि टीआरपीसाठीच आले.

त्यातल्या पहिल्याची गोष्ट. गुरुवारी आकडे आले, दोन आठवडे घसरण होती. चॅनलकडून फोन आला की या महिन्यात काहीतरी मोठं हवं. मीटिंगमध्ये ठरलं की नायकाच्या धाकट्या भावाची गाडी घाटात कोसळेल. गाडी जळालेली सापडेल, प्रेत सापडणार नाही. 'प्रेत सापडणार नाही' हे ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, बाईंनी दोनदा सांगितलं, कारण त्या नटाच्या तारखा आम्ही सोडलेल्या नव्हत्या. दीड महिन्याने तो दाढी वाढवून दारात उभा राहणार, हे गाडी कोसळायच्या आधीच वनलाइनमध्ये, म्हणजे पुढच्या गोष्टीच्या आराखड्यात, लिहिलेलं होतं. मी त्याच्या बायकोचा विलाप लिहिला. चांगला लिहिला, स्वतःचं कौतुक नाही, पण सेटवर लाइटवाले दादासुद्धा गप्प झाले होते म्हणे.

रात्री वाईहून आत्याचा फोन. "मेला का गं खरंच?"

"सांगता येत नाही आत्या. करार असतो आमचा."

"दरीत पडलेला माणूस सापडतोच. आमच्या घाटात पडतात की. पोरं दोर लावून उतरतात नि काढतात वर. तुमचा बरा सापडत नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "मेलेल्या माणसाशी असली थट्टा करू नये."

मी हसण्यावारी नेलं. दीड महिन्याने तो दारात उभा राहिला, त्याच्या बायकोच्या हातातलं आरतीचं ताट पडलं, तबकातला कापूर स्लो मोशनमध्ये उडाला, फ्रीज. आत्याने त्यानंतर ती मालिका बघणं सोडलं. भांडण वगैरे काही नाही. साडेआठला ती दुसरं चॅनल लावायला लागली, एवढंच.

2020च्या मार्चमध्ये आत्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे ठाण्याला आली आणि लॉकडाउनमध्ये अडकली. शूटिंग बंद, आधी शूट करून ठेवलेले भाग संपलेले, चॅनलवर जुन्याच मालिका. मला काही काम नव्हतं. तेव्हा मी कितीतरी वर्षं राहून गेलेली 'द वॉकिंग डेड' बघायला घेतली. आत्या शेजारी बसून भाजी निवडायची. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दुसऱ्याने टीव्ही. इंग्रजी तिला येत नाही, मी मध्ये मध्ये सांगायची. दोन-तीन दिवसांत तिला माझी गरज उरली नाही. "त्यात कळायला काय आहे?" म्हणाली. "मढी आली की पळायचं."

झॉम्बींना ती मढी म्हणायची. गंमत म्हणजे त्या मालिकेतली माणसंही त्यांना झॉम्बी म्हणत नाहीत. 'चालणारे' म्हणतात, कुणी 'चावरे' म्हणतं, गावागणिक शब्द बदलतो. मूळ कॉमिक लिहिणाऱ्या रॉबर्ट कर्कमनची त्यामागची कल्पना अशी की या जगात झॉम्बीचे सिनेमे कधी निघालेच नाहीत, त्यामुळे माणसांना हा शब्दच ठाऊक नाही आणि त्यांना कसं मारायचं तेही ठाऊक नाही. मराठीत मात्र हा शब्द आयताच पडून होता. झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून केलेली मारामारी. 2022 साली डोंबिवलीवर 'झोंबिवली' नावाचा सिनेमा आला तेव्हा ते नाव सुचायला फार वेळ लागला नसणार.

31 ऑक्टोबर 2010ला ही मालिका अमेरिकेत सुरू झाली, 20 नोव्हेंबर 2022ला संपली. अकरा सीझन, 177 भाग. बारा वर्षांत 177! आमच्याकडे आठवड्याला सहा भाग जातात, म्हणजे सात महिन्यांत संपलं असतं हे सगळं, आणि तेवढ्यात नायिकेची दोनदा स्मृती गेली असती. मी हे उपहासाने म्हणत नाही. रोज एक भाग द्यायचा म्हणजे काय असतं ते मी बघितलंय. सकाळी सेटवर नट मेकअपला बसलाय आणि पानं अजून माझ्या प्रिंटरमध्ये, अशी कित्येक वर्षं गेली. अशा घाईत माणूस हळूहळू बदलताना दाखवता येत नाही. तो एका भागात बदलतो. बाई बंडखोर झाली हे दाखवायला साडीचा रंग बदलायचा, केस मोकळे सोडायचे, पार्श्वसंगीत वाढवायचं.

म्हणून मी ती मालिका बघताना मढ्यांकडे बघतच नव्हते. मढ्यांचं एक बरं असतं, त्यांना काही होत नाही. पहिल्या भागातलं मढं आणि शेवटच्या भागातलं मढं सारखंच. पटकथा लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते घाटातल्या वळणासारखं आहे, तिथं गाडी पडू शकते एवढंच त्याचं काम. ज्या मालिकेत खलनायकाला बदलताच येत नाही, तिथे बदलायची सगळी जबाबदारी जिवंत माणसांवर येते. मी एका बाईकडे बघत होते. कॅरल.

पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात ती धुणं धुताना दिसते. खाणीतल्या तळ्याकाठी चार बायका दगडावर कपडे घासतायत. एकीने विचारलं, ही कामं सगळी बायकांच्याच वाट्याला कशी आली? कॅरल म्हणते, असंच असतं. मग प्रत्येकीला कशाची आठवण येते ते सांगायचं चाललंय. कुणाला गाडीची, कुणाला कॉफीच्या मशीनची. कॅरलला तिच्या वॉशिंग मशीनची येते, कंपनीचं नाव घेऊन सांगते ती. तिचा नवरा एड बाजूला सिगरेट ओढत लक्ष ठेवून. मग एकीने दबक्या आवाजात एक चावट गोष्ट सांगितली, कॅरलने त्याहून दबक्या आवाजात 'मलाही' म्हटलं आणि सगळ्या खिदळल्या. ते हसणं एडला सहन होत नाही. थोड्याच वेळात तो सगळ्यांसमोर तिच्या मुस्काटात मारतो.

आत्याची मेथी निवडायची थांबली. "हा मरणार का?"

"मरेल."

"लवकर मरू दे."

मेला, पुढच्याच भागात. पण मालिका मला खरी पकडून ठेवते ती त्यानंतर. मेलेला माणूस मढं होऊन उठू नये म्हणून त्याचं डोकं फोडावं लागतं. त्यांच्या गटातला डॅरिल कुदळ घेऊन एडपाशी जातो. कॅरल म्हणते, मी करते, माझा नवरा आहे. आणि करते. एकदा पुरे असतं. ती पुन्हा पुन्हा कुदळ घालते, रडत रडत. तोंडाने शब्द नाही. मला संवाद लिहायला दिला असता तर मी तिथे तीन ओळी लिहिल्या असत्या, हे मला लाज वाटून कळलं. 'या हातांनी तुझे कपडे धुतले' वगैरे.

कर्कमनच्या कॉमिकमधली कॅरल वेगळी आहे. तिथे तिची मुलगी सोफिया शेवटपर्यंत जगते आणि कॅरलच, सगळे एका ओसाड तुरुंगात आसऱ्याला असताना, एका बांधून ठेवलेल्या मढ्यापाशी जाऊन त्याला स्वतःचा चावा घेऊ देते. एकटेपणाने मोडलेली बाई, तिथेच संपते. टीव्हीवाल्यांनी हे बरोबर उलटं केलं. मुलगी मारली, आईला जगवलं. मेलिसा मॅकब्राइड ही भूमिका मालिका संपेपर्यंत करत राहिली. कॉमिक वाचलेल्या माणसांना पुढचं सगळं ठाऊक असताना त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढायची, एवढाच हिशेब असता तर तो एका भागापुरता टिकला असता. इथे त्यातून दहा वर्षांचं माणूस उभं राहिलं.

दुसऱ्या सीझनबद्दल लोकांची तक्रार असते की तो रेंगाळतो. सगळे एका शेतावर मुक्काम ठोकून बसलेत आणि रोज हरवलेल्या सोफियाला शोधायला जातायत. सात भाग. मधल्या काळात पडद्यामागेही गोंधळ होता, मालिका उभी करणारा फ्रँक डॅराबॉन्ट 2011च्या जुलैमध्ये बाहेर पडला. मलाही तो सीझन पहिल्यांदा ताणलेला ट्रॅक वाटला होता. असा ट्रॅक आम्ही लावतो तेव्हा त्यामागे बजेट असतं, एकाच बंगल्यात महिनाभर शूट उरकायचं असतं. त्यांचंही तसंच असेल, मला माहीत नसताना मी त्यांना साधुसंत ठरवणार नाही. पण सातव्या भागात ते कोठार उघडतं.

शेताचा मालक हर्शल आपल्या माणसांची मढी कोठारात कोंडून जपत असतो. त्याच्या मते ती आजारी आहेत, कधीतरी बरी होतील. गटातला शेन दार तोडतो. एकेक मढं बाहेर येतं, एकेक गोळी. मग शांतता. सगळ्यांना वाटतं संपलं. आणि शेवटी दारातून एक छोटं पाऊल बाहेर पडतं. सोफिया. सात भाग सगळे जिला जंगलात शोधत होते ती इथेच होती. कॅरल धावते, डॅरिल तिला धरून ठेवतो. तोवर धडाधड गोळ्या झाडणाऱ्या पुरुषांपैकी एकाचाही हात उचलत नाही. गटाचा म्होरक्या रिक पुढे होतो.

आत्या उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. परत आल्यावर म्हणाली, "बरं झालं सापडली."

मी चमकून बघितलं. मला वाटलं तिला कळलं नाही.

"अगं, मेली ते कळलं मला. पण सापडली ना. आईला दिसली."

आमच्या घाटातल्या गाडीला मला तेव्हा पहिल्यांदा नीट आठवावं लागलं.

त्यानंतर कॅरलमध्ये जो बदल होतो तो कुठल्याही एका भागात होत नाही. शोधायला गेलात तर हाताला लागणार नाही. चौथ्या सीझनमध्ये ती तुरुंगात मुलांना गोष्टी वाचून दाखवते. मोठी माणसं निघून गेली की पुस्तक बाजूला ठेवून त्यांना चाकू कसा धरायचा ते शिकवते. बाई तीच, काम तेच, मुलं सांभाळण्याचं. पुस्तकाच्या जागी चाकू आला एवढंच. पुढे तुरुंगात साथ पसरते आणि दोन आजारी माणसांना कुणीतरी मारून जाळून टाकतं. रिकला संशय येतो. कॅरल जिवावर उदार होऊन पाण्याचा पाइप साफ करून आली आहे, तेव्हा तो विचारतो, तू मारलंस का त्या दोघांना? ती म्हणते, हो. आणि चालायला लागते.

एक शब्द. त्या एका 'हो'साठी तीन सीझन खर्ची पडले होते. पहिल्या सीझनमधली कॅरल नवऱ्याच्या नजरेकडे बघून हसायची की नाही ते ठरवायची. आता ती रिककडे परवानगीसाठीही बघत नाही आणि माफीसाठीही नाही. बरोबर केलं की चूक, हे मालिका सांगत नाही. रिक तिला गटातून काढून गाडी देऊन पाठवतो तेव्हा ती एडने दिलेलं घड्याळ मनगटावरून उतरवून त्याच्या हातात ठेवते, हे मी कधीच देऊन टाकायला हवं होतं म्हणत. नवरा मरून इतका काळ लोटलेला, कुदळीने त्याचं डोकं फोडलेलं, आणि घड्याळ हातात होतंच. माणूस असाच असतो. मला हे कधी सुचलं नसतं. आमच्याकडे विधवेच्या गळ्यातलं मंगळसूत्र काढायचं दृश्य आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे घड्याळाकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आणि मग 'द ग्रोव्ह', 16 मार्च 2014चा भाग. कॅरल, गटातला टायरीज, दोन लहान बहिणी आणि रिकची तान्ही मुलगी एका रानातल्या घरात थांबतात. आजूबाजूला पिकॅनची झाडं. चूल आहे, टेबलावर अर्धवट लावलेलं जिगसॉ कोडं आहे. थोरली बहीण लिझी हिला मढी मेलेली वाटत नाहीत, ती त्यांच्याशी पकडापकडी खेळते. एके दिवशी मोठी दोघं बाहेरून परततात तर लिझी रक्ताळलेला चाकू घेऊन उभी, मागे धाकटी मिका पडलेली. काळजी करू नका, म्हणते, ती परत येईल, मी डोक्याला काही केलं नाही. तान्ह्या मुलीचा नंबर पुढचा होता.

मग कॅरल तिला फुलं बघायला म्हणून बाहेर नेते. लिझी रडतेय, तिला वाटतंय कॅरल रागावली आहे. कॅरल तिला सांगते फुलांकडे बघ. मागे पिस्तूल.

या भागाबद्दल लिहिणारे सगळे फुलांबद्दल लिहितात. मला नंतरचं टेबल आठवतं. रात्री कॅरल आणि टायरीज त्या कोड्यापाशी बसलेत. जी दोन आजारी माणसं कॅरलने मारली होती त्यातली एक, कॅरन, टायरीजची होती आणि ती कुणी मारली हे त्याला अजून ठाऊक नाही. कॅरल पिस्तूल टेबलावरून त्याच्याकडे सरकवते आणि सांगते. पुढचं त्याच्यावर सोडते. तो बराच वेळ पिस्तुलाकडे बघतो. मग म्हणतो, मी तुला माफ करतो, पण विसरणार नाही. त्या प्रसंगात कुणीही उभं राहत नाही, आवाज चढत नाही, संगीत सांगत नाही की आता रडा. त्या दोन मुली काल त्याच टेबलाशी बसल्या होत्या, एवढंच प्रेक्षकाला ठाऊक असतं आणि तेवढं पुरतं. कॉमिकमध्ये असाच प्रसंग दोन जुळ्या भावांचा आहे आणि तिथे गोळी रिकचा मुलगा घालतो. टीव्हीवर ती कॅरलच्या हातात दिली, सोफियाच्या आईच्या. या एका निवडीसाठी मी त्यांचे दहा पडेल भाग माफ करायला तयार आहे.

पुढे ती अलेक्झांड्रिया नावाच्या भिंतीआडच्या सुखी वसाहतीत पोचते आणि तिथे मुद्दाम पहिल्या सीझनमधली कॅरल होते. फुलाफुलांचा ब्लाउज, गोड हसू, शेजाऱ्यांसाठी बिस्किटं. आत हत्यारं चोरणं चालू. सॅम नावाचा पोरगा तिला चोरी करताना बघतो, तेव्हा ती त्याला बिस्किटाचं आमिष दाखवते आणि त्याच गोड आवाजात सांगते की बोललास तर राक्षस येऊन तुला खातील. दृश्य भयंकर आणि विनोदी दोन्ही आहे; मी हसले होते. अकरा महिन्यांनी, 2016च्या फेब्रुवारीतल्या भागात, मढ्यांच्या गर्दीतून आईचा हात धरून गुपचूप चालताना सॅमला ते शब्द आठवतात, पाय जागच्या जागी थिजतात आणि मढी त्याला खातात. कॅरलला हे कुणी सांगत नाही की तुझ्या बोलण्याने तो मेला. ती फक्त नंतर एकदा बिस्किटं करते आणि एक त्याच्या थडग्यावर ठेवून येते. आणि आपण किती माणसं मारली ते वहीत मोजत बसते.

आत्याला ती वही फार आवडली होती. ती स्वतः दुधाचा हिशेब असाच ठेवते.

आता जे मला लिहायला अवघड जातंय ते. याच मालिकेने, याच लोकांनी, माझी घाटातली गाडी कोसळवली.

ऑक्टोबर 2015. ग्लेन, पहिल्या सीझनपासूनचा भला पोरगा, एका गल्लीत मढ्यांच्या वेढ्यात सापडतो. कचऱ्याच्या मोठ्या पेटीवर तो आणि निकोलस नावाचा एक जण. निकोलस स्वतःला गोळी घालून घेतो आणि पडताना ग्लेनला घेऊन पडतो. कॅमेरा ग्लेनच्या चेहऱ्यावर. आतडी ओढली जातायत, ती कुणाची ते दिसत नाही. संपलं. पुढच्या भागांच्या श्रेयनामावलीतून ग्लेनचं काम करणाऱ्या स्टीव्हन युनचं नावच काढून टाकलं, खात्री पटावी म्हणून. महिन्याभराने कळतं की आतडी निकोलसची होती, ग्लेन पेटीखाली सरकला होता.

तांत्रिकदृष्ट्या बघाल तर आमच्यापेक्षा कितीतरी सफाईदार. आम्ही गाडी जाळली, प्रेत गायब केलं. त्यांनी प्रेत दाखवलं आणि ते दुसऱ्याचं निघालं. पण नाव काढून टाकणं वाचलं तेव्हा मला एकदम गोरेगावच्या त्या मीटिंगमधला एसीचा गारवा आठवला. 'पोस्टरवरूनही काढायचं का त्याला?' असं कुणीतरी विचारलं होतं. आम्ही काढलं होतं.

त्यानंतर सहा महिन्यांत, 3 एप्रिल 2016ला, सीझनच्या शेवटी सगळे गुडघ्यांवर बसलेत, शत्रूच्या टोळीचा म्होरक्या नीगन काटेरी तार गुंडाळलेली बॅट घेऊन फिरतोय, त्यातला एक मारणार. बॅट उगारली जाते आणि कॅमेरा मरणाऱ्याच्या डोळ्यांतून बघतो. कोण, ते दाखवलं नाही. उत्तर 23 ऑक्टोबरला. आधी गटातला अब्राहम, मग ग्लेन. कॉमिकच्या शंभराव्या अंकातही ग्लेन असाच मरतो, तेव्हा मरण त्याचंच होतं, कुणी उपरं लादलेलं नव्हतं. पण कचऱ्याच्या पेटीखालून एकदा काढून आणलेल्या माणसाला पुन्हा मारायचं म्हणजे काय, हे मी अनुभवाने सांगू शकते. दुसऱ्यांदा प्रेक्षक रडत नाही. तो बघत असतो की आता काय युक्ती केलीय.

त्या रात्री तो भाग अमेरिकेत जवळपास 1 कोटी 70 लाख लोकांनी पाहिला. युक्ती चालली असंच कुठल्याही गुरुवारी ठरलं असतं. मग आकडे उतरत गेले आणि शेवटच्या भागाला 23 लाखांच्या आसपास राहिले. सगळा दोष त्या बॅटला देणं बरोबर नाही, बारा वर्षांत टीव्ही बघायची सवयच बदलली. पण ज्या आत्या तिथे होत्या त्यांनी चॅनल बदललं ते त्याच सुमाराला, असं मला वाटतं. 2018मध्ये रिकच्या मुलालाही मारून टाकलं, जो कॉमिकमध्ये शेवटपर्यंत जगतो. कोण जगवायचं हे सोफियाच्या वेळी त्यांना किती नेमकं कळलं होतं!

नियमांच्या बाबतीत मला कोरियन 'किंगडम' जास्त हुशार वाटते. 2019 सालची, किम उन-ही या लेखिकेची, सीझनला सहाच भाग, कोरियातल्या जोसन राजवटीच्या काळातल्या दुष्काळात घडणारी. साथ पसरते ती भुकेतून. एका दवाखान्यात उपाशी रुग्णांना हरणाचं म्हणून रस्सा वाढला जातो, तो माणसाच्या मांसाचा असतो, राजाने चावलेल्या पोराच्या. ते ताटलीवर तुटून पडलेले चेहरे आधी दाखवलेत आणि तीच माणसं मढी होऊन तुटून पडतात ते नंतर. मध्ये फरक करणं कठीण जातं. पुढे प्रेतं जाळून टाका म्हटल्यावर बड्या घरची माणसं आडवी येतात, आईबापांनी दिलेल्या देहाला हात लावू देणार नाहीत. गरिबांच्या देहाबद्दल असा प्रश्न कुणी काढत नाही. जीव वाचवायला पळून आलेला युवराज हे सगळं बघत बघत थांबायला शिकतो. आत्याने ही मालिका पुरी बघितली नाही, टोप्या बघून तिला हसू यायचं.

2023च्या फेब्रुवारीत मी वाईला गेले तेव्हा हॉटस्टारवर 'द लास्ट ऑफ अस' चालू होती. तिसरा भाग बघायचा राहिला होता, तो मी रात्री तिच्या खोलीत लावला. आत्याचे आता दोन्ही डोळे चांगले. बाहेर ओट्यावर आत्येभावाने दुसऱ्या दिवशी पाठवायच्या स्ट्रॉबेरीचे खोके लावून ठेवले होते, घरभर वास.

तो भाग मुख्य गोष्ट सोडून देतो. सव्वा तास दोन पुरुषांचा संसार. बिल, कुणावर विश्वास नसलेला, गावाला कुंपण घालून एकटा राहिलेला. आणि त्याच्या खड्ड्यात येऊन पडलेला फ्रँक. मूळच्या व्हिडिओ गेममध्ये फ्रँकने चावा बसल्यावर गळफास घेतलेला असतो, मागे कडवट चिठ्ठी, आणि बिल तेवढा जिवंत भेटतो. इथे लिहिणाऱ्यांनी त्यांना सोळा-सतरा वर्षं दिली. मढी जवळपास नाहीतच. फ्रँक बिलच्या बंदुकांतली एक परस्पर देऊन त्या बदल्यात बियांची पुडी मिळवतो आणि एका संध्याकाळी त्याला बागेत नेऊन दाखवतो. स्ट्रॉबेरी. बिल पहिला घास घेतो आणि हा दणकट दाढीवाला माणूस एखाद्या पोरीसारखा फिदीफिदी हसतो.

"बियांपासून?" आत्या म्हणाली. "बियांपासून कुणी लावतं होय स्ट्रॉबेरी? रनरची रोपं करतात."

"त्यांच्याकडे जग बुडालंय आत्या."

"हां, मग ठीक." थोड्या वेळाने, "नवराबायको आहेत का हे?"

"हो."

"भांडतात तसेच."

शेवटी फ्रँक आजारी पडतो, खुर्चीला खिळतो, आणि एक दिवस म्हणतो की आज शेवटचा दिवस. दोघं शेवटचं जेवतात. आत्या काही बोलली नाही. दिवा घालवायला उठली, मग न घालवताच परत बसली.

"तुमचा तो," म्हणाली, "घाटात पडलेला."

इतक्या वर्षांनी.

"तो दारात आला, बायकोच्या हातातलं ताट पडलं. मग पुढं काय झालं? मी बघितलं नाही पुढं."

"मग त्याला घरात घेतलं, सगळे रडले, दुसऱ्या दिवशी त्याच्या वहिनीने कारस्थान केलं."

"तिनं विचारलं नाही त्याला?"

"काय?"

"दीड महिना कुठं जेवलास म्हणून."

नाही, म्हटलं. तसा सीन नव्हता. मी लिहिलाच नव्हता. कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, तो दीड महिना कुठेच नव्हता, नटाच्या दुसऱ्या शूटिंगवर होता.

आत्याने पांघरूण पायावर घेतलं. "मग कुठं जेवला असेल?"

मी जरा विचार केला. दरी, म्हटलं. झाडीत अडकला असेल, पाय मोडला असेल. खाली धनगरवाडा असतो, दोनचार घरांचा. तिथल्या म्हातारीने उचलून नेला.

"काय वाढलं तिनं?"